खडक वाचायला शिकूया



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो, आता पुढे काय? विज्ञान शाखेच्या मुलांना भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र हे विषय शाळेपासून माहीत असतात. प्रवेशअर्जातल्या विषयांच्या यादीत खाली कुठेतरी ‘भूशास्त्र’ असंही लिहिलेलं असतं, पण तिथे फारसं कोणी थांबत नाही. आज मी त्या विषयाच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलणार आहे. पुढे कोणी भूशास्त्रज्ञ होवो वा न होवो, या विषयाची तोंडओळख महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्हावी, असं मला मनापासून वाटतं. आपण जिच्यावर घर बांधतो, जिच्यात विहीर खणतो, त्या जमिनीला प्रश्न कसे विचारायचे आणि मिळालेलं उत्तर पुराव्यावर कसं तपासायचं, हे त्या एका वर्षात शिकता येतं.

हा अभ्यास सुरू होतो तो प्रॅक्टिकलच्या टेबलापासून. ट्रेमध्ये दगडांचे नमुने मांडलेले असतात, प्रत्येकावर नंबर घातलेला. शेजारी एक भिंग, पोलादी चाकू, झिलई नसलेल्या चिनीमातीची लहानशी फरशी आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतो, “सर, हा कुठला दगड?” नाव लगेच सांगायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आधी रंग बघ, चकाकी बघ. फरशीवर घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग, म्हणजे कस, बघ. फुटताना सपाट पृष्ठं पडतात की वेडेवाकडे तुकडे होतात ते बघ. मग चाकूने ओरखडा काढून बघ.

समजा, हातात दोन पांढरे दगड आहेत. दिसायला जवळजवळ सारखे. चाकू फिरवला तर एकावर सहज ओरखडा उठतो, दुसऱ्यावर उठत नाही; उलट त्या दगडाचाच चरा चाकूच्या पात्यावर पडतो. पहिल्यावर आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात, दुसरा ढिम्म. पहिला कॅल्साइट, दुसरा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. फ्रिड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठिणपणाची जी दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली, तिच्यात कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर येतो आणि क्वार्ट्झ सातव्या. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी ती श्रेणी जगभरच्या वर्गांत रोज वापरली जाते. रंगावर विसंबू नये, एका खुणेवर निकाल देऊ नये आणि दोन स्वतंत्र कसोट्या एकच उत्तर देत असतील तेव्हाच नाव उच्चारावं, ही शिस्त मुलांच्या अंगी बाणते ती इथे.

याच ट्रेमध्ये आपल्या मातीतला एक नमुना हमखास असतो. करड्या-काळ्या रंगाचा बेसाल्ट आणि त्याच्या अंगभर पांढऱ्या ठिपक्यांसारखी भरलेली छिद्रं. भिंगातून पाहिलं की एखाद्या छिद्रात मोत्यासारख्या चकाकीचे स्टिल्बाइटचे स्फटिक दिसतात. मुठीत मावणाऱ्या या दगडात तीन घटना नोंदलेल्या आहेत. आधी तप्त लाव्हा वाहत आला. तो थिजत असताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून पडले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर खडकात झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून भरली. पोकळी आधी झाली आणि स्फटिक नंतर आला, हे कोणी सांगावं लागत नाही. दगडाकडे नीट पाहिलं की ते कळतं. नाशिक, जळगाव, पुणे, छत्रपती संभाजीनगर या भागांतली स्टिल्बाइटसारखी अशी झिओलाइट गटातली खनिजं जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडलेलं निळंशार कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक नावाने ओळखतात.

प्रयोगशाळेतून बाहेर पडून घाटात गेलं की हाच अभ्यास मोठ्या मापावर सुरू होतो. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. आज मध्य आणि पश्चिम भारतात या थरांनी साधारण पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर त्याच थरांचं. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे तत्त्व निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडलं. ऐकायला साधं वाटतं, पण घाटातला उभा कडा वाचायची सुरुवात तिथूनच होते.

कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटेच्या रंगाचा लाल पट्टा दिसतो. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडला, त्याचा वरचा भाग झिजून मातीसारखा झाला, आणि मग पुढचा लाव्हा त्याच्यावरून वाहत गेला. म्हणजे तो लाल पट्टा दोन उद्रेकांमधल्या विसाव्याची खूण आहे. हा विसावा खरोखरच मोठा असे, याचा आणखी भक्कम पुरावा विदर्भात मिळाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने चालतं ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचारक होते आणि खडकांचे चिकित्सक अभ्यासकही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी नागपूरच्या टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. जिथे गोगलगायी होत्या तिथे तळं होतं. तळं होतं म्हणजे आधीचा लाव्हा पुरता निवला होता, पाऊस पडत होता, झाडं उगवली होती. एका चिमुकल्या शंखाने सिद्ध केलेली ही गोष्ट आहे.

मुलांना समजायला सगळ्यांत जड जातो तो या थरांमागचा प्रदीर्घ काळ; त्याचं एक जुनं उदाहरण सांगतो. स्कॉटलंडमध्ये सिकार पॉइंट नावाचं समुद्रकाठचं एक ठिकाण आहे. १७८८ साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन तिथे होडीने गेले. त्यांना दिसलं ते असं, की खालचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या छाटलेल्या माथ्यावर दुसरे थर कमी उताराने पसरले आहेत. खालचा गाळ साचला, कठीण झाला, उचलला गेला, झिजला आणि मग त्यावर नवा गाळ साचला. एवढं सगळं व्हायला किती काळ लागला असेल? त्या काळी युरोपात अनेक जण पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरत. पुढे १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते वय सुमारे ४५५ कोटी वर्षं ठरवलं. ही संख्या पाठ करणं सोपं आहे. पण उभ्या-आडव्या थरांवरून प्रदीर्घ काळाचं अनुमान काढता येणं, हे खरं शिक्षण.

पुराव्याची ही रीत आपल्याकडे लोणारला फार सुंदर दिसते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसाल्टमध्ये पडलेल्या जवळपास १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्यात आहे. सभोवार सगळा ज्वालामुखीचा खडक, तेव्हा हाही ज्वालामुखीचाच खड्डा असणार, असं पुष्कळांनी मानलं. १९७० च्या दशकात तळातून काढलेल्या नमुन्यांची तपासणी झाली आणि निकाल बदलला. बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे खनिज तिथे स्फटिकरूप सोडून काचेसारखं झालेलं सापडलं. असा बदल घडवणारा प्रचंड दाबाचा आघात ज्वालामुखीत होत नाही. तो उल्का आदळल्याने होतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्लॅजिओक्लेज ओळखायला शिकतो, तेव्हा लोणारचा निकाल ज्या खनिजावर लागला तेच त्याच्या हातात असतं.

श्रोतेहो, आता जरा आपल्या रोजच्या जगण्याकडे येऊ. एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहून आत पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली भेगाळलेला खडक आणि तळाशी एकसंध काळा पाषाण. भिंतीवर एका ठरावीक रेषेत ओल दिसेल, तिथून पाणी झिरपत असेल. मुरमात आणि भेगांत पाण्याला जागा असते, एकसंध पाषाणात ती जवळपास नसते. अशा पाषाणाला सुरुंग लावून विहीर आणखी खोल नेली, तरी खाली भेग किंवा दुसऱ्या थराचा सच्छिद्र माथा लागेपर्यंत हाती काही येत नाही. एका शेतकऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडची बोअर कोरडी जाते, त्याचं कारणही हेच. भेगा सगळीकडे सारख्या नसतात. कर्ज काढून एकामागून एक बोअर घेणारी कुटुंबं आपण पाहतो, तेव्हा त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे थर वाचता यावेत, असं मला फार वाटतं. पाझर तलाव कुठे मुरेल आणि कुठे नुसता भरून राहील, हेही त्याच थरांवर ठरतं.

दुसरी गोष्ट भूकंपाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली सुरू झाली. तिथे काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला, भूकंपाच्या नोंदींमधल्या वेगवेगळ्या लहरी ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. ज्या गाभ्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही, त्याचा शोध असा भारतातल्या अभ्यासाच्या वाटेवरून लागला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आलेखावर प्राथमिक आणि दुय्यम लहरींमधलं अंतर मोजतात आणि तीन केंद्रांच्या नोंदींवरून भूकंप कुठे झाला ते नकाशावर काढतात. कंपासने काढलेली तीन वर्तुळं एका जागी मिळतात, तेव्हा वर्गातला आनंद पाहण्यासारखा असतो.

पण या अभ्यासाला आपल्याकडे दुःखाचीही बाजू आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. मोठ्या जलाशयाशी निगडित भूकंपांच्या जगभरातल्या अभ्यासात तो आजही अग्रभागी असतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर मराठवाडा विसरलेला नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीच्या परिसरात हजारो माणसं झोपेतच गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा धक्का बसायचा नाही, हा उरलासुरला समजही त्या पहाटे मोडला. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशा घरांनी सगळ्यांत जास्त बळी घेतले. भूकंप थांबवता येत नाही, पण भिंत कशी बांधायची हे माणसाच्या हातात असतं.

तसंच दरडींचं. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण, जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी, या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. मुसळधार पावसात उतारावरची माती आणि झिजलेला खडक पाणी पिऊन जड होतो, त्याची पकड सुटते. उतारावर नव्या भेगा पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, या खुणा पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहेत. त्या खुणा गावातल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असायला हव्यात. अशी खूण दिसली की वाट न पाहता माणसं हलवायची, हा त्या धड्याचा शेवट.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं. कॉलेजात हा विषय असेल तर निदान एक वर्ष घ्या. कला किंवा वाणिज्य शाखेत असाल आणि दुसऱ्या शाखेतला विषय निवडायची सोय असेल, तर याचा विचार करा. सुरुवातीला लागणारं गणित शाळेत शिकलेलंच आहे. सहलीला न चुकता जा आणि वही सोबत न्या. कड्याचं चित्र मोबाइलमध्ये काढाच, पण वहीत हातानेही काढा, कारण काढताना जे दिसतं ते नुसतं पाहताना निसटतं. निघोजला कुकडी नदीने कोरलेले रांजणखळगे, चंद्रपूरचा कोळसा, सिंधुदुर्गातला जांभा, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे स्तंभ, जे जवळ असेल तिथून सुरुवात करा.

पालकांना आणि शिक्षकांनाही एक विनंती. या विषयाला पुढे वाव काय, हे विचारणं रास्त आहे. पाणी, खनिजं, धरणं, बोगदे, रस्ते, आपत्ती व्यवस्थापन, सगळीकडे या ज्ञानाची गरज आहे. पण नोकरीच्या पलीकडेही त्याचं मोल आहे. ज्या गावातल्या दहा तरुणांना आपल्या विहिरीचे थर आणि आपल्या डोंगराचा उतार वाचता येईल, त्या गावात विहीर कुठे खणायची, घर कुठे बांधायचं आणि पावसाळ्यात कोणती वस्ती आधी हलवायची, हे पुराव्यावर ठरेल. असे दहा तरुण गावोगावी तयार करणं कॉलेजच्या एका वर्षात शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारा खडक आपल्या प्रत्येकाच्या पायाखाली आहे.