जुने घर नवे करताना



आम्ही काही इंजिनिअर नाही. गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षे गेली. पण कोकणात भावकीतली चार-पाच घरे दुरुस्त करताना गवंड्याच्या हाताखाली राबलो, अडले तिथे पुस्तके चाळली. तेवढ्या बळावर बोलतो आहोत.

मे महिन्यात गावी जायचे आणि जुन्या घरावर पैसा ओतायचा, ही आता रीतच झाली आहे. हौस असायलाच पाहिजे. बापजाद्यांनी कुडाच्या खोपटात दिवस काढले. पण पैसा जातो कुठे ते बघा. दर्शनी भिंतीला टाईल्स, आणि मागे चुलीपाशी वहिनी धुराने डोळे चोळत बसलेली! याला आम्ही सुधारणा म्हणत नाही.

आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला का, हे तुम्हाला सांगायला नको. पावसात वरच्या आळीचे पाणी आपल्याच जोत्याला लागते. ओल चढली की दोष मातीच्या भिंतीला! अहो, मातीची भिंत ओल धरते तशी सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. मग पोपडे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते. म्हणून आधी घराभोवती उतार देऊन गटार काढा, पागोळी भिंतीपासून लांब पडेल एवढे छप्पर पुढे घ्या, आणि गिलावा मातीचा नाहीतर चुन्याचा ठेवा. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून कोणी करीत नाही. स्लॅबचे ओझे तर त्या भिंतीवर घालूच नका. वाळवीने खाल्लेले वासे तेवढे बदला, दोन कौले काचेची बसवा. माजघरात उजेड येतो. जुनी वायर काढून टाका, अर्थिंग करून घ्या.

आता संडास. तो घराला लागूनच हवा, म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकीसुनांनी अंधारात किती दिवस बाहेर जायचे? खड्डे दोन घ्या. एक भरला की बंद करून दुसरा चालू करायचा; दीड-दोन वर्षांत बंद खड्ड्यातल्या मैल्याचे खत होते. ओला मैला उपसायला माणूस लागत नाही. ते काम कुणाच्या माथी मारले होते, हे आपण विसरायचे नाही. त्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. आपल्या घराने तरी पुन्हा त्याची गरज ठेवू नये. जांभ्यातून पाणी भराभर झिरपते, तेव्हा खड्डे विहिरीच्या खालच्या अंगाला आणि चांगले लांब.

परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिलेल्या बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, ते पुस्तकांच्या जागेचा विचार करून. आपण निदान पडवीत खिडकीपाशी पोरांना एक कट्टा आणि डोक्यावर दिवा द्यावा. आणि ओट्याची उंची घरातल्या बाईला विचारून ठरवा, गवंड्याला नव्हे!

ज्यांना येत्या मेमध्ये काम काढायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. खड्ड्यांची मापे आम्ही कागदावर काढून आणली आहेत.