नांव एक, बळ निराळें



ज्या मास्तरानें पस्तीस वर्षें टी-स्क्वेअर, ड्रॉइंग बोर्ड आणि टोक केलेली पेन्सिल यांखेरीज दुसरें साधन हातीं धरलें नाहीं, त्यानें लॅपटॉपसारख्या विषयावर बोलावें हें आपणांपैकीं पुष्कळांस विचित्र वाटेल. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं, आणि हीं यंत्रें बनविणारांची विद्या मला अवगत आहे असा माझा मुळींच दावा नाहीं. परंतु या यंत्राच्या निवडींत मी एकदां सपशेल चुकलों. ती चूक माझ्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशानें झाली आणि तिचें फळ मात्र माझ्या मुलीला भोगावें लागलें. तेव्हां चुकलेल्या विद्यार्थ्यानें फळ्याजवळ उभें राहून आपलें गणित पुन्हां मांडून दाखवावें, त्याप्रमाणें मी आज आपणांपुढें उभा आहें असें समजावें.

माझी धाकटी मुलगी घरांच्या अंतर्भागाची रचना करून देण्याचा व्यवसाय करते. भिंती उभ्या राहण्यापूर्वींच दिवाणखाना, त्यांतील खुर्च्या, खिडकींतून येणारें दुपारचें ऊन हें सारें ती संगणकावर रचून गिऱ्हाइकास चित्ररूपानें दाखविते. राहते पुण्यास, कामें मात्र चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी अशीं विखुरलेलीं. म्हणजे यंत्र प्रवासांत नेण्याजोगें पाहिजे आणि तरीही दांडगें पाहिजे. २०२३ सालच्या दिवाळींत आम्ही दोघें दुकानांत गेलों. टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले होते. एक जाडजूड, अडीच किलो वजनाचा. दुसरा शाळेंतल्या पाटीसारखा पातळ आणि दिसावयास देखणा. ग्राफिक्स चिपचें नांव मात्र दोहोंवर एकच होतें : आर.टी.एक्स. ४०७०. मुलीचा ओढा जाड यंत्राकडे होता. मी म्हटलें, "अग, दोहोंच्या पोटांत चिप एकच आहे, मग हा धोंडा खांद्यावर कशाला वागवतेस?" पैसे मी देणार होतों, म्हणून ती गप्प बसली.

पुढें चार महिन्यांनीं सावंतवाडीस एका गृहस्थांच्या घरीं ती शेवटचीं चित्रें दाखवावयास गेली. स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड बदलून पाहण्याची त्यांची इच्छा होती. बदल दोन मिनिटांचा. परंतु त्याचें पक्कें चित्र तयार होईना. यंत्र अगोदरच तापलें होतें, त्यांत अकरा वाजतां वीज गेली. पंखे घरघरत राहिले आणि चित्र तसूतसूनें पुढें सरकूं लागलें. पाऊण तास वाट पाहून यजमान उठले. तें काम पुढें दुसऱ्या कोणाला मिळालें. घरीं परत आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "बाबा, यंत्र खांद्याला हलकं होतं, हें मात्र खरं."

त्या वाक्यानंतर मीं या विषयाचा अभ्यास केला.

पहिली गोष्ट कळली ती अशी कीं, एकाच नांवाची चिप सर्व यंत्रांत सारख्या बळानें चालत नाहीं. मीं पाहिलेल्या त्या ४०७० चिपेला किती वीज पाजावी, हें लॅपटॉप बनविणारानें ठरवावयाचें असतें. आणि चिपेच्या निर्मात्यानें त्यास दिलेली मोकळीक ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत आहे! वर्गांत एकाच नांवाचीं दोन मुलें असावीं, एकाला घरीं पोटभर भाकरी मिळावी आणि दुसऱ्याला चतकोर, तसाच हा प्रकार. पातळ यंत्रांत उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसते, म्हणून त्याला चतकोर भाकरीवर ठेवावें लागतें. घरच्या टेबलावरील संगणक आणि लॅपटॉप यांतही हाच नामसाम्याचा घोटाळा आहे. टेबलावरील ४०९० चिप ४५० वॅटांची आणि २४ जी.बी. स्मृतीची, त्याच नांवाची लॅपटॉपमधील चिप सुमारें १५० वॅटांची आणि १६ जी.बी. स्मृतीची. यास्तव दुकानांत चिपचें नांव विचारून थांबूं नये. या यंत्रांत तिला वॅट किती, हें विचारावें. विक्रेत्यास बहुधा तें ठाऊक नसतें. निर्मात्याच्या तपशीलपत्रकांत तें बारीक अक्षरांत सांपडतें.

इतकी वीज लागते तरी कशाला? आम्ही शाळेंत मुलांपुढें घडा ठेवून, प्रकाश कोठून येतो व छाया कोठें पडते हें डोळ्यांनीं पाहून उतरवावयास सांगत असूं. यंत्र तेंच काम गणितानें करतें. 'ब्लेंडर' नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्यांतील 'सायकल्स' हें अंग चित्राच्या प्रत्येक बिंदूंतून कल्पित किरण उलट दिशेनें सोडतें, आणि तो भिंतीवर, टेबलावर, कांचेवर आपटत दिव्यापर्यंत कसा पोंचतो हें पाहतें. साध्या एच.डी. चित्रांत असे बिंदु २० लक्ष ७३ हजार ६०० असतात आणि दर बिंदूमागें किरण शेंकडों. किरण थोडे सोडले तर चित्र वाळू शिंपडल्यासारखें रवाळ दिसतें. रवाळपणा निम्मा करावयाचा तर किरण चौपट सोडावे लागतात. ही वाळू मागाहून पुसून टाकण्याच्या युक्त्या हल्लीं निघाल्या आहेत, परंतु त्यांत लांकडाच्या रेघा आणि कापडाची वीणही कधीं कधीं पुसली जाते.

आरेखन करतांना यंत्र क्षणभर धांवतें आणि क्षणभर उसंत घेतें. रेंडर करतांना त्यास उसंतच नाहीं. शंभर यार्डांची शर्यत जिंकणारा मुलगा आणि दिवसभर पोतें वाहणारा हमाल यांच्यांत जो फरक, तोच येथें आहे. जाहिरातींतील आंकडे बहुतेक शर्यतीचे असतात. चिप फार तापली म्हणजे स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच उतरविते. आणि ही गोष्ट पहिल्या पांच मिनिटांत दिसत नाहीं.

आतां बॅटरीचा हिशेब पाहूं. शंभर वॅट-तासांपेक्षां मोठी बॅटरी विमानांत न्यावयाची तर विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून लॅपटॉप बनविणारे त्या आंकड्याच्या किंचित् अलीकडे थांबतात. यंत्र सगळें मिळून १८० वॅट ओढूं लागलें तर तेवढी बॅटरी सुमारें तेहेतीस मिनिटें पुरेल! तितकी वीज एका दमांत देणें बॅटरीसही झेपत नाहीं, सबब प्लग काढतांच यंत्र आपलें बळ बरेंच कमी करतें. सावंतवाडीस वीज गेल्यावर जें झालें तें यामुळेंच, आणि येथें जाड यंत्रानेंही फार मोठा पराक्रम केला असता असें नाहीं. ॲपल कंपनीच्या अलीकडच्या मॅकबुक प्रो यंत्रांचा गुण असा कीं, प्लग असो वा नसो, त्यांचें बळ जवळजवळ सारखेंच राहतें. ज्याचें सारें काम ब्लेंडरवर चालतें, त्यानें त्यांचा अवश्य विचार करावा. माझ्या मुलीचा निरुपाय असा कीं, तिचे सहकारी ३डीएस मॅक्स आणि रेव्हिट वापरतात, आणि हे दोन्ही प्रोग्रॅम विंडोजसाठींच बनविलेले आहेत.

चिपेच्या स्वतःच्या स्मृतीकडे मीं प्रथम लक्षच दिलें नव्हतें. खोलींतील प्रत्येक वस्तु, गालिच्याचा प्रत्येक धागा तींत मावला पाहिजे. न मावल्यास प्रोग्रॅम एक तर बंद पडतो, नाहीं तर रखडत चालतो. आमच्या यंत्रांत ती ८ जी.बी. होती आणि एका सजविलेल्या दिवाणखान्यास अपुरी पडे. मुख्य रॅम ३२ जी.बी. तरी असावी. पातळ यंत्रांत ती पुष्कळदां कायमची झाळलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. पडद्याबद्दल इतकेंच कीं, रंग खरे दिसले पाहिजेत. नाहीं तर गिऱ्हाइकानें पसंत केलेला हिरवा भिंतीवर पिवळा निघतो.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यंत्राचा नव्हेच. प्रवासांत नेमकें कोणतें काम करावयाचें, हा आहे. दहा सेकंदांच्या चलच्चित्रास २५० चित्रें लागतात. एकेकाला दोन मिनिटें धरलीं तरी आठ तास वीस मिनिटें झालीं. असलें काम लॅपटॉपवर लादणें म्हणजे सायकलीवरून धान्याचीं पोतीं नेणें होय. मुलीनें आतां तशी वांटणी केली आहे. गिऱ्हाइकासमोर फेरफार आणि कच्चीं चित्रें. रात्रीं लॉजमध्यें प्लग लावून दोन-चार पक्कीं चित्रें. चलच्चित्र मात्र पुण्याच्या टेबलावरील संगणकावर. गेल्या वर्षीं तिनें दुसरा लॅपटॉप घेतला, तो जाड, १२ जी.बी. स्मृतीच्या चिपेचा. दुकानांत ती आपला एक जुना दिवाणखाना पेन ड्राइव्हवर घेऊन गेली, आणि तोच लागोपाठ अर्धा तास रेंडर करून, पहिल्या चित्रास किती वेळ लागला आणि शेवटच्यास किती, हें कागदावर टिपून मगच तिनें निर्णय घेतला. विक्रेता थोडा कंटाळला. या खेपेस पैसे तिनेंच दिले, त्यामुळें मला तोंड उघडण्याचें कारण पडलें नाहीं.

चार्जरसुद्धां त्याचें ओझें सवातीन किलोंवर जातें आणि तिचा खांदा दुखतो, हें मी लपवीत नाहीं. लॉजमधील गादीवर यंत्र ठेवलें तर त्याचे खालचे श्वासमार्ग बुजतात, म्हणून मीं आमच्या देवघरांतला एक लहान पाट तिला बरोबर दिला आहे. तिच्या आईला तें आवडलें नाहीं; पण पाट गेला.

तें पातळ यंत्र आतां माझ्याजवळ असतें. आपण ऐकत आहां तें भाषण मीं त्यावरच लिहिलें.