कार्यकर्त्याच्या पिशवीतील पुस्तके

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्याने काय वाचावे, हा प्रश्न अभ्यासवर्गात दर वर्षी निघतो आणि दर वर्षी त्याला तेच उत्तर मिळते. एक ठरीव यादी पुढे केली जाते. तीत मार्क्स असतो, गांधीजी असतात, आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश आणि लोहिया असतात. साने गुरुजी तर असतातच. यादी वाईट नाही. ती वाचल्यावाचून या चळवळीत आलेल्या माणसाची वैचारिक बैठक पक्की होणार नाही, हेही खरे. परंतु या यादीत बहुतांशी उत्तरे आहेत. ती उत्तरे ज्यांनी शोधली त्यांना प्रश्न कसे पडले, त्यांनी काय पाहिले, काय मोजले, कोठे चुकले, हे तीत फारसे सापडत नाही. परिणाम असा की वीस वर्षे चळवळीत घालवलेला कार्यकर्ता भांडवलशाहीची व्याख्या झोपेतही सांगतो. पण स्वतःच्या गावात भूमिहीन कुटुंबे किती, असे विचारले की 'पुष्कळ' म्हणतो. 'पुष्कळ' हा आकडा नव्हे. तलाठ्यासमोर आणि तहसील कचेरीत हा शब्द टिकत नाही, आणि पराभव तेथेच होतो.

म्हणून आजची यादी निराळी आहे. यातील एकही पुस्तक कथा-कादंबरीचे नाही आणि एकाचा दुसऱ्याशी वरवर पाहता संबंधही नाही. एक शेतजमिनीवर आहे, एक दुष्काळावर, एक कोळशाच्या खाणीवर, एक चक्क गांडुळांवर. लेखक एका मताचे तर नाहीतच. त्यांतील काही सरकारी नोकर होते, काही आपल्या विरोधी पक्षातले होते. त्यांना एकत्र बांधणारा धागा एवढाच की ही माणसे आधी गेली, त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आणि मग तोंड उघडले.

प्रारंभ पुण्याजवळून करावा. हॅरॉल्ड मान हा इंग्रज गृहस्थ पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. पुढे मुंबई इलाख्याचा शेतकी संचालक झाला. साम्राज्याचा पगारी अधिकारी. त्याने पिंपळे सौदागर हे एक गाव निवडले आणि त्या गावाची जमीन, कर्ज, पिके, जनावरे, कुटुंबांचे उत्पन्न असे सारे तपासले. हा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये त्या गावातील खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. पाव एकरात नांगर वळवायचा कोठे, हा प्रश्न वाचकाला आपोआप पडतो. पुढे मानने १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. केवळ जमिनीवर नीट निर्वाह होईल अशी कुटुंबे निघाली ८. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने कशीबशी उभी राहिलेली २८. उरलेली ६७ कुटुंबे दर वर्षी खड्ड्यात जाणारी.

पुस्तकावर टीका झाली. गाव शहराच्या फार जवळ आहे, तेथील अर्थव्यवहारावर शहराची छाया आहे, तेव्हा त्यावरून दख्खनचे अनुमान काढता येत नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. मानने आक्षेपकांशी वाद घातला नाही. त्याने कानिटकरांना बरोबर घेतले, शहरापासून दूरचे जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली. १९२१ साली दुसरा ग्रंथ निघाला. चित्र अधिक विदारक होते. टीकेला असे उत्तर देण्याची रीत आपल्या चळवळीत रुजली असती, तर तिचे कितीतरी ठराव निराळे लिहिले गेले असते. आक्षेप आला की आक्षेपकाचे वर्गचरित्र शोधायचे, ही आपली सवय. मानने दुसरे गाव शोधले.

आकड्यांचीच गोष्ट निघाली आहे तर समाजवाद्यांना प्रिय असलेल्या एका आकड्याकडे वळले पाहिजे. १९६३ साली डॉ. लोहिया पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले आणि देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सभागृहात ठणकावले. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. पंधरा आणे ही सरासरी होती आणि तीत धनवानांची मिळकतही मिसळली होती. सरासरीच्या पांघरुणाखाली गरीब झाकला जातो, हा लोहियांचा मुद्दा बिनतोड होता. 'तीन आणे' ही घोषणा झाली आणि सभासभांतून दुमदुमली. पण घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा १९७१ सालचा अभ्यास हातात घेतला? या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी पुण्यात बसून राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे चाळले आणि माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चात पदरात पडते, ती रेषा काढली. १९६०-६१ च्या किमतींनी ती ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, म्हणजे दिवसाला आठ आणे, आणि शहरात साडेबावीस रुपये होती. ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे या रेषेच्या खाली होती. तीन आण्यांच्या घोषणेइतका हा हिशेब चटकदार नाही. परंतु त्यावर उभे राहून त्यांनी ग्रामीण सार्वजनिक कामांची योजना मांडली, आणि ती योजना घोषणेतून निघाली नसती.

दुष्काळाविषयी आपण सारे भरभरून बोलतो. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडत होती, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. तरीही दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा, ही समजूत कार्यकर्त्यांच्याही डोक्यातून गेलेली नाही. ती घालवण्यासाठी अमर्त्य सेन यांचा १९८१ चा दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरील ग्रंथ वाचावा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. सेन यांनी त्या वर्षीच्या धान्याचा हिशेब केला, तेव्हा तो आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून जेमतेम ५ टक्क्यांनी कमी निघाला; १९४१ शी तुलना केली तर उलट १३ टक्क्यांनी अधिक होता, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. मग मेले कोण? शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, न्हावी. युद्धाच्या पैशाने तांदूळ महाग झाला आणि या लोकांच्या मजुरीत, मासळीत किंवा हजामतीत पूर्वीइतका तांदूळ येईना. धान्य बाजारात होते. ते विकत घेण्याची ताकद गेली होती. ग्रंथातील काही प्रकरणे गणिती आहेत आणि अर्थशास्त्र न शिकलेल्याला जड जातील. ती सोडून द्यावीत. बंगालचे प्रकरण सोडू नये. त्याच्या जोडीला पी. साईनाथ यांचे १९९६ चे 'दुष्काळ आवडे सर्वांना' आहेच. सेन यांनी ग्रंथालयात बसून जे सिद्ध केले त्याची धूळ आणि घाम साईनाथांच्या पुस्तकात सापडतो.

यानंतरचे पुस्तक समाजवाद्यांना रागावण्यासाठीच लिहिले आहे असे वाटेल. जॉर्ज ऑर्वेल हा बिहारातील मोतीहारीत जन्मलेला इंग्रज लेखक. १९३६ साली तो उत्तर इंग्लंडमधील कोळसा खाणींच्या गावांत जाऊन राहिला आणि पुढच्या वर्षी त्याचे 'द रोड टु विगन पिअर' प्रसिद्ध झाले. पूर्वार्धात खाण कामगार आहे. पाळण्यातून खाली उतरल्यावर कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला मैल मैल, कधी तीन मैलही, वाकून आणि रांगत जावे लागते. या वाटेची मजुरी त्याला मिळत नाही, कारण मजुरी कोळशाच्या टनावर. बेकारांच्या घरचा आठवड्याचा खर्च पेनी-पेनीने लिहिलेला आहे. पूर्वार्धावर कोणाही समाजवाद्याने टाळ्या वाजवाव्यात. उत्तरार्धात मात्र ऑर्वेल वळतो आणि विचारतो: समाजवाद इतका न्याय्य आहे, तर सामान्य माणूस त्याच्याजवळ का येत नाही? उत्तर तो समाजवाद्यांच्याच अंगावर फेकतो. त्यांची पुस्तकी भाषा, त्यांचा मध्यमवर्गीय तोरा, कामगारावरील प्रेमापेक्षा वरच्या वर्गाविषयीचा मत्सर. हे वाचताना मान खाली जाते. अधूनमधून ऑर्वेल अन्यायही करतो, कारण त्याला टोमणा मारण्याचा मोह आवरत नाही.

पुस्तक काढले होते व्हिक्टर गोलान्झ या डाव्या प्रकाशकाने, 'लेफ्ट बुक क्लब'च्या सभासदांसाठी. त्याला उत्तरार्ध मुळीच मानवला नाही. त्याने एक प्रस्तावना जोडली, तीत आपला मतभेद स्पष्ट मांडला, आणि पुस्तक सभासदांच्या हाती दिले. पक्षाच्या मुखपत्रांनी आणि प्रकाशनांनी टीकाकाराशी कसे वागावे याचा हा नमुना आहे. दुर्दैवाने तो फार काळ टिकला नाही. स्पेनच्या यादवी युद्धाविषयी ऑर्वेलने पुढे जे पुस्तक लिहिले ते छापण्यास गोलान्झने नकार दिला. ते दुसऱ्या प्रकाशकाकडून १९३८ मध्ये आले आणि लेखकाच्या हयातीत त्याची पहिली आवृत्तीही संपली नाही.

विरोधकांचे वाचावे, असे तोंडाने म्हणणे सोपे असते. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळूनही, समाजवादी घरांत कितीसे आढळते? त्या कम्युनिस्ट, आणि १९४२ चा हिशेब आपल्या मनातून अजून मिटलेला नाही. पण डहाणू-तलासरीच्या वारल्यांना लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबवणारी 'लग्नगडी'ची प्रथा समजून घ्यायची असेल, आणि भ्यालेला माणूस सभेत पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा नेमके काय घडते हे पाहायचे असेल, तर मराठीत दुसरे पुस्तक नाही.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलने'ची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ साली ते छापले. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येसाठी आधी फाशीची शिक्षा झाली, वर्तमानपत्रे स्त्रीजातीवर तुटून पडली, आणि ताराबाईंनी पुरुषजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत नव्वद वर्षे गेली. या नव्वद वर्षांत महाराष्ट्रात सुधारकही होते, समाजवादीही होते, त्यांची वाचनालयेही होती.

आता गांडुळे. यांचा समाजवादाशी काय संबंध, असा प्रश्न मागच्या रांगेतून येणारच. काहीही नाही. चार्ल्स डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. हा विषय त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ होता. त्याने १८४२ च्या डिसेंबरात घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तेथे चर खणला. खडूची पांढरी रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली होती, दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक, असा त्याचा अंदाज. अभ्यासिकेत त्याने गांडुळांच्या कुंड्या ठेवल्या, त्यांच्यापुढे शिट्टी आणि बासून नावाचे वाद्य वाजवून पाहिले. ती ढिम्म राहिली. कुंडी पियानोवर ठेवून एक सूर दाबला तशी ती चटकन बिळात शिरली. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, कंप जाणवत होता. जगाला हादरवणारा सिद्धांत मांडून झाल्यावर म्हातारपणी हा माणूस कुंडीपुढे वाद्य वाजवत बसतो, यात जो आनंद आहे तो कार्यकर्त्याच्याही वाट्याला यावा. कोरड्या ध्येयवादाने माणसे लवकर थकतात, आणि थकलेली माणसे कडवट होतात.

एक अडचण राहते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. यांतील पुष्कळसे लेखन मुळात इंग्रजीत आहे. इंग्रजी हटवण्याच्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या पक्षाने ज्ञान मराठीत आणण्याचे काम मात्र विद्यापीठांवर आणि नशिबावर सोडले. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या तरुणाला मानचा ग्रंथ मिळणार कोठून आणि तो वाचणार कसा? सारे ग्रंथ भाषांतरित होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्रत्येक शाखेत इंग्रजी वाचू शकणारा एखादा शिक्षक किंवा वकील असतो. त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, एक प्रकरण वाचून यावे आणि ते मराठीत सांगावे. भाषण न करता. ऐकणाऱ्यांनी मध्येच अडवून प्रश्न विचारावेत. पहिल्या बैठकीला पिंपळे सौदागरच्या जमिनीच्या तुकड्यांचा भाग घ्यावा, आणि येताना प्रत्येकाने आपल्या गावातील एका तरी शेताचा सातबारा बरोबर आणावा.