भिंत आणि पासष्टी



चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानदेव भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले, ही कथा मराठी घरात पोराटोरांनाही ठाऊक असते. त्या भेटीशी जोडलेल्या ‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्या मात्र फार थोड्यांनी वाचलेल्या असतात. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या ओव्यांत भिंत नाही की वाघ नाही. पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं ही त्रिपुटी एकाच वस्तूत कशी मावळते, हा त्यांचा विषय. पतंजलींनीही योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींची भलीमोठी यादी दिली आणि त्याच पादात त्या समाधीच्या आड येतात, असं बजावलं. गूढ अनुभव निराळा आणि चमत्कार निराळा, हा विवेक आपल्याकडे जुना आहे. तो आज श्रद्धाळूंकडूनही सुटला आहे आणि बुद्धिवाद्यांकडूनही, असं माझं मत आहे.

अनुभव येणं ही एक गोष्ट, तो कशामुळे आला हे ठरवणं ही दुसरी. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबलं आपोआप फिरवण्याचं वेड पसरलं होतं. टेबलाभोवती माणसं हात टेकवून बसत, टेबल हलू लागे आणि ते मृतात्म्यांचं काम मानलं जाई. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने बसणाऱ्यांची टिंगल केली नाही. त्यांच्या हातांखाली त्याने सरकत्या पट्ट्या ठेवल्या आणि हात किंचित जरी ढकलू लागले तरी हलेल असा काटा जोडला. आधी हात सरकत होते, टेबल मागून येत होतं. तो काटा बसणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवला, की टेबल हलायचंच थांबे. यात लबाड कोणी नव्हतं. ‘आम्ही ढकलत नाही’ असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि ते वाटणं अगदी खरं होतं. आपल्याकडे प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवणाऱ्यांनाही तसंच वाटत आलं आहे. चूक झाली ती कारण शोधताना. माणसाचं मन स्वतःच्याच हाताला ओळखत नाही, हा शोध मला कोणत्याही भुतापेक्षा अधिक विस्मयकारक वाटतो.

आता याहून अवघड उदाहरण घेऊ. हृदय बंद पडून परत आलेली काही माणसं प्रकाशाची, शांततेची, देहाबाहेरून स्वतःला पाहिल्याची हकीकत सांगतात. नेदरलँड्समधल्या १० रुग्णालयांत पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास केला, तो २००१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. त्यांतल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. एवढ्या माणसांना भ्रमिष्ट म्हणून बाजूला सारणं हा आळस आहे. पण ‘आत्मा छतापाशी गेला’ हे विधान अनुभवाच्या पलीकडचं, बाहेरच्या जगाविषयीचं आहे, आणि म्हणून ते तपासता येतं. सॅम पार्निया यांच्या गटाने ते तपासलं. १५ रुग्णालयांत उंच फळ्या बसवल्या आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०६० वेळा हृदय बंद पडल्याच्या नोंदी झाल्या, पण सविस्तर मुलाखत पूर्ण झाली ती १०१ जणांची. पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट सांगणारे दोघेच निघाले आणि दोघांचेही प्रसंग फळी नसलेल्या जागी घडलेले होते. २०१४ साली हे निष्कर्ष छापून आले. ते आत्मा सिद्ध करत नाहीत, नाकारतही नाहीत. एवढं धीराने वाचण्याची सवय आपल्या वाचकाला आपणच लावायला हवी.

यावर बुद्धिवादी मित्र म्हणतील, मेंदूने उत्तर दिलेलंच आहे. २००२ साली ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतल्या उजव्या बाजूच्या एका भागाला विजेचा सौम्य झटका दिला, आणि तिला स्वतःचा देह वरून दिसू लागला. देहाबाहेर गेल्याची जाणीव देहातूनच निर्माण होऊ शकते, हे यातून कळतं आणि ते मोलाचं आहे. पण आंबा पाहतानाही मेंदूच काम करत असतो, म्हणून कोणी आंब्याला भास म्हणत नाही. अनुभवाचं शारीरिक मूळ सापडलं म्हणजे त्याची किंमत ठरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ सालच्या ग्रंथात बजावून ठेवलं आहे. शिवाय मेंदूतल्या हालचालींतून ‘वाटणं’ मुळात उगवतं कसं, याचा पत्ता अजून लागलेला नाही. २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी लावली होती. २०२३ साली कॉख यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या. मात्र या कोड्याच्या फटीतून कोणी भूतप्रेतं आत आणू लागला, तर त्याला अडवलंच पाहिजे. ठाऊक नसणं हा कशाचाच पुरावा नव्हे.

श्रद्धाळूंचा आक्षेप असा, की प्रयोगशाळेत साक्षात्कार येत नाही. मान्य. पासष्टीची कसोटी कोणी मागतही नाही. कसोटी मागायची ती भिंत चालवून दाखवतो म्हणणाऱ्याकडे. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यातही हीच रेषा आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला, त्यांचं साहित्य छापायला तो हरकत घेत नाही. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून लुबाडणं हा मात्र गुन्हा ठरवतो. तो कायदा यावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. हा विषय दिवाळी अंकातल्या भयकथेपुरता नाही, हे विसरता येत नाही.

लेखकांकडे माझं मागणं एकच आहे. देहाबाहेर गेल्याचा अनुभव एखादी बाई सांगू लागली, तर अर्थ लावण्याआधी तिचे शब्द जसेच्या तसे टिपा. ती ‘मी वर होते’ म्हणाली की ‘जणू मी वर होते’ म्हणाली? तो ‘जणू’ तिचा स्वतःचा होता, की आपल्या प्रश्नामुळे तिच्या तोंडी आला, तेही शेजारी लिहून ठेवा.