वकिलाची वाट



पनवेलच्या या सभेचे अध्यक्ष म्हणून या, असा निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी इथली खाडी उभी राहिली. आज आपण लोकलनं येतो नाहीतर महामार्गानं. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की तो मुंबईच्या बंदरात होडीत बसायचा आणि भरती साधून पनवेल गाठायचा. भरती चुकली की होडी खाडीच्या चिखलात रुतायची आणि पुढच्या पाण्याची वाट बघत बसावं लागायचं. इथं उतरल्यावर पालखी, घोडा नाहीतर बैल, आणि पुढं खोपोलीवरून बोरघाट. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या घाटातला गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचं महत्त्व आणखी वाढलं. १८६३ साली रेल्वे घाट चढली आणि पुण्याची वर्दळ इथून हलली.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे माझा आजचा विषय. राजदूतांनी लिहिलेली प्रवासवर्णनं, आणि त्यातही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. हा विषय पनवेलमध्ये कशाला, असं कुणाला वाटेल. पण ज्या माल्कमनं हा घाट खुला केला, तो स्वतः इराणच्या दरबारी वकील म्हणून जाऊन आला होता आणि त्यावर पुस्तकं लिहून बसला होता. त्याच्या आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन. तो १८०८-०९ साली अफगाणांच्या राजाकडे वकील म्हणून गेला. राजा भेटला पेशावरात, काबूल काही एल्फिन्स्टननं पाहिलं नाही. तरी १८१५ साली काबूलच्या राज्यावर त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तो प्रमाण मानला.

हीच परंपरा राणीच्या राज्यात फोफावली. राणीच्या राज्यारोहणाच्या थोडं आधी बुखाऱ्याला जाऊन आलेला अलेक्झांडर बर्न्स, ब्रह्मदेशच्या दरबारी गेलेल्या वकिलातीची हकीकत लिहिणारा हेन्री यूल, लॉर्ड एल्गिनबरोबर चीन-जपान पाहून आलेला लॉरेन्स ऑलिफंट, जपानात वर्षानुवर्षं राहून तिथली प्रवासी मार्गदर्शिका तयार करणारा अर्नेस्ट सॅटो. माणूस सरकारी कामानं जायचा, बरोबर चिटणीस, दुभाषी, नकाशे काढणारा, कधी चित्रकारही असायचा. परतला की लंडनचा प्रकाशक तयारच. मी ही पुस्तकं आवडीनं वाचली आहेत. यूलसारख्याची नजर फार बारीक होती आणि त्याच्यापाशी शिकण्यासारखं खूप आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो.

पण ही पुस्तकं वाचताना एक प्रश्न मला सारखा सतावत आला. याच काळात आपला वकीलही उलट दिशेनं गेला होता. त्याचं पुस्तक कुठं आहे?

वकील हा शब्द आज आपण कोर्टात नेऊन ठेवलाय. मराठी राज्यात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात राहून आपल्या धन्याची बाजू सांभाळणारा माणूस. दिल्लीला हिंगणे होते, हैदराबादेला गोविंदराव काळे होते. ते रोज लिहीत असत. दरबारात कोण कुणाच्या जवळ बसलं, पाऊस कसा आहे, धान्याचा भाव काय, कुठल्या सरदाराचं बिनसलंय. हा सगळा मजकूर ‘विज्ञापना ऐसीजे’ या शब्दांच्या आड बसलेला असे, म्हणून आपण त्याला साहित्य म्हटलं नाही. इतिहासाची साधनं म्हटलं आणि कपाटात ठेवलं.

मी उमेदीची बरीच वर्षं मोडी कागद वाचण्यात घालवली. कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली, घडी उलगडली की कधी कधी टेबलावर बारीक वाळू सांडते. शाई टिपण्यासाठी लिहिणाऱ्यानं टाकलेली वाळू. दोनशे वर्षं ती घडीत दबून राहिलेली असते. पत्राच्या शेवटी ‘छ’ लिहून चांद्र महिन्याची तारीख असते, आणि पत्र जिथं पोचलं तिथल्या कारकुनानं वेगळ्या हातानं ‘पैवस्ती’ म्हणून दुसरी तारीख टाकलेली असते. या दोन तारखांची वजाबाकी केली की जासूद किती दिवस चालला ते कळतं. नद्यांना पूर होता का, वाट बंद होती का, याचा अंदाज येतो. माझ्या लेखी ते प्रवासवर्णनच आहे. दोन तारखांच्या मधल्या कोऱ्या जागेत ते असतं, एवढंच.

इंग्लंडपर्यंत जाणारे मराठी वकील राणीच्या आधीही झाले. राघोबादादांचा हणमंतराव १७८१ च्या सुमारास मणियार रतनजी या पारशी गृहस्थाबरोबर लंडनला पोचला. त्याच्या सोवळ्याओवळ्याचे फार हाल होऊ लागले, तेव्हा एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतली झाडांसाठी बांधलेली काचेची खोली स्वयंपाकाला मोकळी करून दिली. परक्या देशात काचेच्या भिंतींआड चूल मांडून बसलेला हा ब्राह्मण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काय लिहिलं असतं त्यानं!

पण आज मला ज्यांच्याविषयी मनापासून बोलायचंय ते रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्यातल्या कारीचे, दादाजी नरसप्रभू देशपांड्यांच्या वंशातले. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचे वकील. त्यांची गोष्ट समजायला आधी साताऱ्याचा एक इंग्रज रेसिडेंट पाहावा लागतो, जेम्स ग्रँट डफ. १८१८ नंतर तो साताऱ्याला होता. प्रतापसिंहांनी विश्वासानं त्याला जुने कागद दाखवले, आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला छापून निघाला. म्हणजे आपल्या घरचा इतिहास पाहुण्यानं लिहिला आणि त्यासाठी लागणारे कागद घरधन्यानं स्वतः काढून दिले. पुढं तेरा वर्षांनी, ५ सप्टेंबर १८३९ रोजी, त्याच घरधन्याला कंपनी सरकारनं गादीवरून उतरवलं.

आरोप काय होते? पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं, आणि गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी गुप्तपणे पत्रव्यवहार केला. या तिसऱ्या आरोपापाशी थोडं थांबावंसं वाटतं. १८४७ साली रिचर्ड बर्टन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी आजारपणाच्या रजेवर मुंबईहून पत्तेमारीत बसून गोव्याला गेला. पुढं तो ब्रिटिश कॉन्सल झाला, जगप्रसिद्ध प्रवासी झाला. त्या गोव्याच्या सफरीवर १८५१ साली त्याचं पुस्तक आलं. १८७६ साली तो पत्नीसह पुन्हा इकडे आला. माथेरान, कार्ले आणि गोवा पाहून गेला. त्याच्या पत्नीचंही पुस्तक निघालं. बर्टन गोव्याला गेला की त्याचा ग्रंथ होतो. साताऱ्याच्या राजाची माणसं गोव्याला गेली असं नुसतं म्हटलं की राज्य जातं. मी जितक्या वेळा हे दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवतो, तितक्या वेळा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

राजाची काशीला रवानगी झाली. त्यांच्याबरोबर निघालेले बाळासाहेब सेनापती वाटेत वारले. आणि इकडे रंगो बापूजी समुद्र ओलांडून लंडनला गेले.

ते १८५३ च्या अखेरपर्यंत तिथं राहिले. तेरा-चौदा वर्षं! कंपनीचं म्हणणं असं की राजाच उरला नाही, तर वकील कुणाचा? जे काय सांगायचं ते मुंबई सरकारमार्फत सांगा. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातून अर्ज पाठवायचा. रंगो बापूजींनी ते मानलं नाही. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती, तिथं भागधारकांच्या सभेत ते उभे राहिले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्पसन त्यांच्या बाजूनं बोलले, पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न लावून धरला. इंग्रजी पत्रकं छापली, अर्जामागून अर्ज केले. १८४७ च्या ऑक्टोबरात राजा काशीला वारला. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ आप्पासाहेबही गेले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. ज्या राज्याचे ते वकील, ते राज्यच नाहीसं झालं. तरी ते हटले नाहीत. कर्जात बुडालेले, घर हजारो मैल लांब.

आता त्या वर्षांतलं लंडन डोळ्यांपुढं आणा. १८५१ साली हाइड पार्कात काचेचा महाल उभा राहिला, त्यात कोहिनूर मांडला. तेव्हा रंगो बापूजी त्याच शहरात होते. १८५३ साली कार्ल मार्क्स हिंदुस्थानावर लेख लिहीत होता, तोही त्याच शहरात. डिकन्सच्या कादंबऱ्यांमधलं धुकं, कोळशाचा धूर, कर्जदारांचे तुरुंग, हे सगळं कारीच्या या प्रभूनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चौदा हिवाळे काढलेल्या माणसाजवळ प्रवासवर्णनाचा केवढा मजकूर असेल! पण त्यांनी प्रत्येक अर्जात लिहिलं ते एकच, माझ्या धन्यावर अन्याय झालाय. स्वतःची थंडी, स्वतःचं जेवण, स्वतःची आठवण त्यांनी अर्जात येऊ दिली नाही. अर्ज लिहिणाऱ्याला ते परवडत नाही. सॅटोला परवडतं, कारण त्याचं राज्य जागेवर असतं आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतो.

म्हणून माझं म्हणणं असं की अर्ज हाच आपल्या वकिलांचा प्रवासवर्णनाचा प्रकार आहे, आणि तो तसाच वाचायला आपण शिकलं पाहिजे. पत्त्यातली गल्ली बदलली की समजावं, भाडं परवडेनासं झालं. छापखान्याचं बिल लांबलं की समजावं, काशीहून हुंडी आली नाही. समीक्षकांनी प्रवासवर्णनाच्या व्याख्येत निसर्ग आणि रसिकता आधी घातली. हिशेबाची वही बाहेर ठेवली. ती व्याख्या मला अपुरी वाटते.

रंगो बापूजींची बाजू मांडायचं काम आधी कुणी मनावर घेतलं? पनवेलच्या मुलानं. १७ सप्टेंबर १८८५ रोजी याच गावात जन्मलेल्या केशव सीताराम ठाकरे यांनी, आपल्या प्रबोधनकारांनी. ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा त्यांचा ग्रंथ साक्षीपुरावे मांडत जातो, पण त्यांचा संताप पानापानावर जागा आहे. काहींना तो संताप इतिहासकाराला शोभत नाही असं वाटतं. मला वाटतं, वकिलानं आपल्या अर्जात जे गिळलं ते प्रबोधनकारांनी शंभर वर्षांनी बोलून दाखवलं.

आणि इथून जवळच, पेण तालुक्यात वरसई आहे. तिथले विष्णुभट गोडसे. कुठल्या दरबाराचे वकील नव्हेत, दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघालेले भिक्षुक. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहिलं, आणि सरकारच्या भीतीनं ते लिखाण वर्षानुवर्षं पडून राहून १९०७ साली छापलं गेलं. ‘माझा प्रवास’ वाचताना माझ्या मनात येतं, भटजींना कुणाची बाजू मांडायची नव्हती म्हणून त्यांना पोटातली भूक, नदीचं पाणी, लुटारूंची भीती मोकळेपणानं सांगता आली. एकाच काळातली, एकाच कोकण-मावळ पट्ट्यातली ही दोन माणसं. एकानं जग पाहिलं आणि लिहिला अर्ज. दुसऱ्यानं लिहिलं पुस्तक.

रंगो बापूजी परत आले तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली होती. १८५७ साली सातारच्या उठावाच्या कटात ते होते. त्या जुलैत ते ठाण्यात एका लग्नाला आल्याचा सुगावा सरकारला लागला, वेढा पडला, आणि ते निसटले, असं सांगितलं जातं. त्यानंतर ते कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत. याच कटासाठी ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. ठाण्यात त्यांच्या नावाचा चौक आहे. त्यातून रोज हजारो माणसं स्टेशनकडे जातात.

मित्रहो, एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मला जुने रुमाल पाहायला बोलावलं होतं. छत गळत होतं, खालचे तीन रुमाल भिजून एकजीव झाले होते. हातात घेतले तर पापडासारखे तुटले. त्यांत काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. या भागात जुनी घरं आहेत, वाडे आहेत, बंदराशी, वखारींशी, घाटाच्या रस्त्याशी नातं असलेली कुटुंबं आहेत. कुणाचे पणजोबा एडनला होते, कुणाचे कराचीला, कुणी आगबोटीवर कारकून. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके शिरढोणचे, तेही शेवटी एडनलाच नेले गेले आणि १८८३ साली तिथंच गेले. अशा घरांतल्या पेटाऱ्यांत कागद असतील.

उद्या सकाळी दहा ते एक मी खालच्या दालनात बसणार आहे. बरोबर मोडी वाचणारे दोन तरुण मित्र असतील. घरात कागद असेल तर घेऊन या. घडी जबरदस्तीनं उलगडू नका, ओलसर असेल तर उन्हात टाकू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून तसाच आणा. त्यातून वाळू सांडली तर सांडू द्या, फक्त खाली एक कागद धरा.