राष्ट्राची कालगणना आणि घराची भिंत

(वर्षप्रतिपदेनिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित सारांश)



‘बदलता समाज आणि आपली राष्ट्रीय ओळख’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषय विस्तृत आहे. त्याचे सर्वांगीण विवेचन करण्याऐवजी एकाच उदाहरणाच्या आधारे मी माझे म्हणणे मांडणार आहे. ते उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेले असते. ते म्हणजे दिनदर्शिका.

काळ कसा मोजावा, वर्ष कोठून सुरू करावे, याचा निर्णय प्रत्येक समाज आपल्या प्रकृतीनुसार करीत आला आहे. १६७४ मध्ये ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. स्वराज्याला स्वतःचे नाणे हवे, तशी स्वतःची कालगणनाही हवी, ही त्यामागील दृष्टी होती. आपल्या राज्यघटनेच्या हिंदी पाठातील उद्देशिकेतही २६ नोव्हेंबर १९४९ या दिनांकासोबत मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, विक्रम संवत २००६ ही तिथी नोंदलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र शासनाने थोर शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. देशात तेव्हा सुमारे ३० प्रकारची पंचांगे प्रचलित होती. त्यांचा अभ्यास करून समितीने शालिवाहन शकावर आधारित, सूर्याच्या गतीशी जुळणारी, सुटसुटीत कालगणना सुचविली. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, ती राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून अमलात आली. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे, आणि चैत्र एरवी ३० तर लीप वर्षी ३१ दिवसांचा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असते, तिची गती मंदावते, म्हणून ते महिने मोठे. इतका शास्त्रशुद्ध विचार त्यामागे आहे. या गणनेनुसार १५ ऑगस्ट म्हणजे दरवर्षी २४ श्रावण आणि २६ जानेवारी म्हणजे ६ माघ.

ही दिनदर्शिका शासकीय राजपत्रावर आजही छापली जाते. परंतु आज राष्ट्रीय दिनांक कोणता, असे या सभागृहात विचारले, तर किती हात वर होतील? शासनाचा निर्णय होता, विज्ञानाचा आधार होता, तरीही ती लोकजीवनात रुजली नाही. याची कारणे शोधली पाहिजेत. वेतन, शाळा, न्यायालये, बँका, सारे व्यवहार इंग्रजी दिनांकावरच चालू राहिले. दुसरीकडे सण-उत्सव चांद्र तिथींवर राहिले. सौर श्रावण दरवर्षी २३ जुलैलाच सुरू होतो, तर ज्या श्रावणात आपण सोमवार पाळतो, तो चांद्र श्रावण मागेपुढे होत असतो. नाव एकच, महिने दोन. त्यामुळे ही राष्ट्रीय गणना कार्यालयातही गेली नाही आणि देवघरातही आली नाही.

याउलट, चांद्र तिथींना कोणत्याही कायद्याचे पाठबळ नव्हते, तरी त्या टिकल्या. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, एकादशी कधी, पितृपक्षात आजोबांची तिथी कोणती, हे घराघरांत विचारले गेले. मृग केव्हा लागतो, याकडे शेतकऱ्याचे लक्ष राहिले. १९७३ मध्ये ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, ते याच गरजेला ओळखून. आणि मराठी घराने ते भिंतीवर लावले. राजपत्राने जे साधले नाही, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरील त्या कागदाने साधले.

बंधू-भगिनींनो, येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. हे सातत्य कोणी राखले? प्रामुख्याने घरातील स्त्रीने. व्रते तिने लक्षात ठेवली, नैवेद्य तिने केला, मुलांना कहाण्या तिने सांगितल्या. पुरुषांनी बहुधा पाटावर बसण्याचेच काम केले! आज तीच भगिनी सकाळी आठला घराबाहेर पडते, लोकलने प्रवास करते, रात्रपाळीही करते. संस्कृती टिकविण्याचा सारा भार पुन्हा तिच्याच खांद्यावर टाकून आपण समाजाच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त करणार असू, तर तो अन्याय होईल आणि त्यातून काही टिकणारही नाही. बदलत्या समाजासमोरचा खरा प्रश्न हा आहे. जे काम एकटी गृहिणी करीत होती, ते आता संपूर्ण कुटुंबाने वाटून घ्यायचे की नाही?

परंपरा म्हणजे गोठलेपण नव्हे, हेही आपण जाणतो. कोकणातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शिक्षकाची नोकरी करीत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचांगातील गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळले पाहिजे, यासाठी लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी आग्रह धरला. चूक दिसताच सुधारणारी ही परंपरा आहे. ती विविधतेलाही सामावून घेते. आपली श्रावण वद्य अष्टमी उत्तर भारतात भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून ओळखली जाते. परंतु श्रीकृष्णजन्म दोन्हीकडे एकाच रात्री साजरा होतो.

इंग्रजी दिनांकाचा द्वेष करण्याचे कारण नाही. जगाशी व्यवहार त्यावरच होईल. जपानने १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली. तरी तेथील शासकीय कागदपत्रांवर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष आजही लिहिले जाते. इंडोनेशियातील बाली बेटावर शक संवत्सराचा पहिला दिवस ‘न्येपी’ म्हणून संपूर्ण मौनात पाळला जातो. त्या दिवशी तेथील विमानतळही बंद असतो. पर्यटनावर जगणारे ते बेट वर्षातून एक दिवस जगाला थांबवते. आणि आपण ज्या शकाला आपला म्हणतो, त्याचा चालू आकडा आपल्याला आठवत नाही.

मग करायचे काय? मोठ्या संकल्पांपेक्षा तीन छोट्या गोष्टी सुचवितो. रोज सकाळी घरातील एका मुलाने तिथी आणि राष्ट्रीय दिनांक मोठ्याने वाचावा. महिन्यातून दोनदा, पौर्णिमेला आणि वद्य चतुर्थीला, आई-वडिलांनी मुलांना गच्चीवर नेऊन चंद्र दाखवावा. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, कृत्तिकेजवळ असतो तो कार्तिक, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल विसरत नाही. तिसरे म्हणजे, निमंत्रणपत्रिकेवर आणि धनादेशावर राष्ट्रीय दिनांक लिहावा. अन्यथा योग्य असलेला असा धनादेश बँकांनी स्वीकारावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

अमेरिकेतील आपल्या बांधवांना गणेशोत्सव शनिवार-रविवारी करावा लागतो. त्यांची अडचण खरी आहे, त्यांची थट्टा नको. पण येथे सुट्टी असूनही ज्या मुलाला आज कोणता सण आहे हे भ्रमणध्वनीवर आलेल्या शुभेच्छांवरून कळते, त्याच्याविषयी आपण काय म्हणणार?

डॉ. साहांनी दिलेली दिनदर्शिका राजपत्रात सुरक्षित आहे. तिला आणि तिथीला एकाच पानावर आणून घरात जागा देण्याचे काम शासन करू शकत नाही. ते आपले आहे. उद्या सकाळी घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने ते स्वतःपासून सुरू करावे, एवढी विनंती करून मी माझे विवेचन थांबवितो.