झेंड्याशिवाय चालणारी सत्ता



‘अमेरिकेने परदेशांत आपली सत्ता कशी पसरवली’ या विषयावर बोलण्यास वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला सांगितले, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. मी विद्यापीठाचा माणूस नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या पाळ्या सांभाळून सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु ज्याचा जन्म मालकांशी पगाराचे करार करण्यात गेला, त्याला एक गोष्ट पक्की उमगते. करारावर सही कोणाची आहे हे तर पाहावेच. पण तो सोडून निघून जाण्याचा हक्क कोणाला आहे आणि त्याचे नुकसान कोणी सोसायचे आहे, हे त्याच्याही आधी पाहावे. याच दृष्टीने मी अमेरिकेचा इतिहास वाचला, आणि तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

इंग्रजांचे राज्य आपल्याला ठाऊक आहे. ते तागडी घेऊन आले, मागाहून तलवार आली, आणि १८१७ साली पुणे त्यांच्या ताब्यात गेले. ज्याचे निशाण त्याचे राज्य, असा तो सरळ हिशेब होता. या पद्धतीत राज्यकर्त्याला लूट मिळते हे खरे. पण बंड झाले, दुष्काळ पडला, तर त्याचा बोजाही काही अंशी त्याच्याच शिरावर येतो. निदान जाब कोणाला विचारायचा हे लोकांना कळते.

अमेरिकेनेही आरंभी हाच मार्ग धरला होता. १८४६ ते १८४८ या काळात मेक्सिकोशी युद्ध करून तिने त्या देशाचा फार मोठा मुलूख घेतला. १८५३ साली कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्यावर उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी जपानला आपली बंदरे उघडावी लागली. हवाई बेटांत ऊसमळेवाल्यांनी व त्यांच्या साथीदारांनी १८९३ साली तेथील राणीला पदच्युत केले. त्या वेळी अमेरिकेचे नौसैनिक किनाऱ्यावर उतरले होते. १८९८ साली स्पेनचा पराभव झाला, आणि फिलिपाइन्सचा ताबा घेताना अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. ज्या फिलिपिनो लोकांनी स्पेनविरुद्ध बंड केले होते, त्यांना त्या सौद्यात कोणी विचारले नाही. त्यांनी स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलले, तेव्हा १८९९पासून त्यांच्यावरच युद्ध लादले गेले.

या गोष्टीला अमेरिकेतच विरोध करणारे लोक होते, हेही विसरून चालणार नाही. साम्राज्यविरोधी संघ त्यांनी १८९८ साली स्थापन केला, आणि मार्क ट्वेनसारखा लेखक त्यात होता. पण त्या देशाच्या व्यवहारी मंडळींना हळूहळू वेगळेच शहाणपण सुचले. मुलूख जिंकून सांभाळण्यापेक्षा त्याच्या व्यवहाराची किल्ली हातात ठेवणे स्वस्त पडते. १९०५ साली सांतो दोमिंगो या छोट्या देशाची कर्जफेड होईना, तेव्हा अमेरिकेने त्याच्या जकातीची वसुलीच आपल्या हाती घेतली. जकातनाका ज्याच्या ताब्यात, त्याला राजवाड्याची गरज काय? १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली, आणि जगाचा पैसा डॉलरच्या खुंटीला बांधला गेला. डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध १९७१ साली अमेरिकेने एकतर्फी तोडला. पण खुंटी मात्र राहिली.

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकेने आपल्याला काही दिलेच नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले, आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. तेथील फरारबाईंकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट सोसले होते. आणि आम्ही कामगार ज्या मे दिनाला लाल बावटा उभारतो, तो शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी दिलेल्या लढ्याचा दिवस आहे. विचार हा असा माल आहे, की तो एकदा आला म्हणजे देणाऱ्याला परत नेता येत नाही. म्हणून तो सत्तेचे साधन होण्यास फारसा योग्य नाही.

परत नेता येतो, किंवा अडवून धरता येतो, असा माल निराळा. धान्याचेच पाहा. १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० हा कायदा केला, आणि १९५६पासून त्याखाली आपल्याकडे गहू येऊ लागला. भुकेल्याला तो लागतच होता. पण १९६५ व १९६६ साली पाऊस रुसला, देश अडचणीत सापडला, त्या वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी पुरवठ्याचा दोर आखूड धरला. गव्हाच्या बोटींना थोडी थोडी, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने परवानगी मिळू लागली. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना रुचली नव्हती, आणि आपले शेतीचे धोरणही त्यांना बदलून हवे होते. गोळी एकही सुटली नाही. फक्त कोठाराच्या दारावरचा हात दिसला. रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिलेल्या माणसाला परराष्ट्र धोरण म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणी शिकवले असेल?

आता कारखान्यांकडे येतो, कारण आपण पिंपरीचिंचवडकर त्यांच्याच भोंग्यावर जागे होणारे लोक आहोत. जनरल मोटर्स ही कंपनी आपल्याकडे पहिल्यांदा आली ती २००८ साली नव्हे. १९२८ सालीच तिने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे, आणि येथले कामगार ते जोडायचे. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ साली सांगितले, की नुसती जोडणी पुरे झाली. भाग येथे बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच धंदा करा. ही अट कंपनीला मानवली नाही, आणि १९५४ साली तिने गाशा गुंडाळला. त्या कामगारांचे हाल झाले असतील, ते मी लहान मानत नाही. पण अट घालणारा त्या वेळी आपला देश होता, हे ध्यानात ठेवा.

त्याच धोरणाची दुसरी फळेही आपल्यासमोर आहेत. महिंद्रांनी १९४७पासून अमेरिकन विलिस जीप जोडायला घेतली, पुढे ती येथेच बनवली, आणि आज त्यांचा कारखाना चाकणला स्वतःच्या गाड्या काढतो. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. यंत्रे युनिसेफने दिली, तांत्रिक साह्य जागतिक आरोग्य संघटनेने दिले, आणि कारखाना राहिला आपल्या सरकारचा. पेनिसिलिन १९५५ साली निघू लागले. येथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतील एका जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधून काढले, आणि त्या जंतूच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ म्हणून आपल्या गावाचे नाव घातले. मदत बाहेरची, पण विद्या येथे रुजली. पुढे त्या कारखान्याची दैना झाली आणि कामगारांचे पगार थकले. त्याचा दोष अमेरिकेवर टाकता येणार नाही. तो आपल्या घरचा हिशेब आहे, आणि तोही कधीतरी मांडावाच लागेल.

मधला एक प्रकार म्हणजे किर्लोस्कर कमिन्स. १९६२ साली पुण्यात डिझेल इंजिनांसाठी ही कंपनी निघाली, आणि अमेरिकन कमिन्स तिच्यात भागीदार होती. पस्तीस वर्षे दोन नावे एका पाटीवर नांदली. १९९७ साली किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला, आणि पाटीवरून किर्लोस्कर हे नाव गेले. कारखाना तोच, कामगार तेच, काम चालू; पण शेवटचा शब्द कोणाचा, हे बदलले. अशा बदलाचा आवाज होत नाही. भोंगा नेहमीच्याच वेळी होतो.

यानंतर दाभोळ. हा धडा सबंध महाराष्ट्राने फी भरून घेतला आहे. १९९२ साली एन्रॉन कंपनीशी बोलणे सुरू झाले, आणि डिसेंबर १९९३मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. मालकीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा १०-१० टक्के. जागतिक बँकेने १९९३ सालीच या प्रकल्पाला पैसे देण्यास नकार दिला होता. करारातली मेख अशी, की मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार भरलाच पाहिजे, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. वर राज्य सरकारची हमी, आणि तिच्याही वर केंद्र सरकारची प्रतिहमी. म्हणजे कंपनीने पैसे गुंतवायचे, आणि धोका मात्र कोकणापासून विदर्भापर्यंतच्या वीजग्राहकाने घ्यायचा.

१९९५च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. सत्तेवर आलेल्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही केला. त्याआधी जूनमध्येच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिला होता, की करार मोडला तर इतर वीजप्रकल्पांवरही वाईट परिणाम होईल. इकडे लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू झाली. काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी झाल्या, आणि जो प्रकल्प बुडवायचा होता तोच आकाराने मोठा होऊन वर आला. दिल्लीतील अमेरिकेचे राजदूत फ्रँक विस्नर १९९७ साली पदावरून उतरले, आणि त्याच वर्षी एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. राजदूताची कचेरी आणि कंपनीची कचेरी यांतले अंतर किती, हे यावरून मोजा. १९९९च्या मे महिन्यात वीज सुरू झाली, दर मंडळाला झेपेना, आणि २००१ साली केंद्र बंद पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनने दिवाळे काढले. नंतर २००५ साली आपल्याच सरकारी कंपन्यांना पुढे होऊन तो पसारा सावरावा लागला.

इतके लांब न जाता आपल्या शेजारच्या तळेगावकडे पाहू. जनरल मोटर्स २००८ साली तेथे आली, तेव्हा मावळ, खेडच्या कित्येक घरांत पेढे वाटले गेले असतील. २०१७ साली कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावची गाडी फक्त परदेशी जाऊ लागली. डिसेंबर २०२०मध्ये उत्पादन थांबले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. राज्य सरकारने ती नाकारली, कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि कामगार संघटनाही न्यायासाठी झगडत राहिली. दरम्यान कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकण्याचे ठरले होते. सीमेवर गलवानला रक्त सांडले, परवानग्या अडल्या, आणि २०२२ साली तो सौदा मोडला. २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईशी करार झाला, आणि २०२५ साली तेथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. यंत्रांना नवा धनी मिळाला. परंतु बारा वर्षे त्या यंत्रांवर उभा राहिलेला कामगार यंत्राबरोबर विकला जात नाही, म्हणून तो कोणाच्या हिशेबातही धरला जात नाही. डेट्रॉइटमध्ये निर्णय, लडाखमध्ये चकमक, आणि हप्ते थकले वडगाव-तळेगावच्या घरांत! सत्तेचा हात किती लांब असतो, हे मला पुस्तकापेक्षा या एका उदाहरणाने अधिक शिकवले.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व अमेरिकन माणसाचे पाप आहे. तसे नाही. याच जनरल मोटर्सच्या फ्लिंट येथील कामगारांनी १९३६-३७ साली ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून आपली संघटना मान्य करून घेतली होती. आणि याच कंपनीच्या ओहायोतील लॉर्ड्सटाउन कारखान्यातून शेवटची गाडी निघाली मार्च २०१९मध्ये, तळेगावच्या सुमारे पावणेदोन वर्षे आधी. तेथलेही कामगार गेटाबाहेर असेच उभे होते. तेव्हा आपले भांडण त्या देशाच्या जनतेशी नाही. जाण्याचा हक्क ज्याने स्वतःकडे ठेवला आणि जाण्याचा खर्च दुसऱ्याच्या नावावर लिहिला, त्या व्यवस्थेशी आहे. तो मालक अमेरिकन असो, चिनी असो, वा आपल्याच आळीतला असो.

माझे तात्पर्य एवढेच आहे. इंग्रज आले तेव्हा त्यांना घालवायचे कसे, हा प्रश्न होता. आजच्या सत्तेपुढे प्रश्न उलटा आहे: ती जाईल तेव्हा मागे काय ठेवून जाईल? म्हणून कोणताही मोठा कारखाना दारी आला, की तीन गोष्टी विचारा. विद्या येथे रुजणार आहे, की पेटीतून येऊन पेटीतूनच जाणार आहे? तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यावर पडणार? आणि बंद करण्याचा अधिकार कोणाचा, व त्या दिवशी कामगाराच्या हातावर काय पडणार? १९५३ साली हे प्रश्न सरकारने विचारले. १९९३ साली ते विचारले गेले नाहीत. आता तर २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने बंदीच्या परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. म्हणजे लहान कारखान्यांच्या बाबतीत हे विचारण्याची जबाबदारी सरकारवरून उतरून तुमच्याआमच्यावर आली आहे.

आपल्या मुलांपैकी अनेकजण चाकणला ठेकेदाराच्या कागदावर सही करतात आणि तो कागद वाचतसुद्धा नाहीत. त्यांना आज घरी जाऊन एवढेच सांगा, की कागद शेवटच्या पानापासून वाचायला लागा. काम कसे सुरू होईल हे पहिल्या पानावर गोड शब्दांत लिहिलेले असते. ते कसे संपेल हे बहुधा शेवटी, बारीक अक्षरांत असते. राष्ट्रांच्या करारांचेही असेच आहे.